दर्यानं परत केलेला थोरला

...नाही, पण व्याख्यान दिलं म्हणून कुणी व्याख्यात्याला समुद्रावर धाडतं का? तुम्हाला सांगतो, मी तुळजापूरच्या शाळेत संस्कृत शिकवतो, उरलेल्या वेळात लोककथा गोळा करतो, आणि समुद्र मी चित्रातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता. माझं काम नोंदीचं. ऐकायचं, लिहून घ्यायचं, ताडून पाहायचं. यात कुणाचं काय बिघडावं?

बिघडलं लोहाऱ्यात. तिथल्या शाळेनं व्याख्यानाला बोलावलं, विषय ‘बांधकामं आणि लोकसमजुती’, आणि मी आपला शांतपणे, पूर्वपक्ष मांडून, उत्तरपक्ष मांडून सांगत होतो की तळ्याला पाणी लागत नाही, पूल टिकत नाही, बुरूज ढासळतो, मग पाया घरातल्या थोरल्याचा बळी मागतो, अशी कथा आपल्याकडं गावोगाव आहे, आणि ती घडलेली हकीकत नसून माणसाच्या भीतीनं घेतलेलं रूप आहे... इथवर सगळं ठीक. पण उदाहरण ताजं नको का? फाळणीत कराची गेली, म्हणून सरकार कच्छच्या किनाऱ्यावर नवं बंदर बांधतंय, चिखलात खांब ठोकून जहाजांसाठी धक्का उभारतंय, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं. म्हणालो, पाहाल तुम्ही, उद्या त्या बंदराबद्दलही अशीच कथा जन्माला येईल. अभ्यासकाचं भाकीत, तुम्हाला सांगतो, इतक्या लवकर खरं ठरू नये. सभा सुटून माझा चहा होईपर्यंत कथा जन्मली होती, आणि दिवेलागणीला तिनं बाळसंही धरलं होतं: बंदराला थोरली पोरं लागतात, तुळजापूरच्या गुर्जींनी पुस्तकात बघून सांगितलं.

आता त्या लोहाऱ्यात कस्तुराबाई म्हणून एक बाई. नवरा नाही, मुलगे दोन. थोरला गोरोबा गिरणीच्या इंजिनावर कामाला, इंजिन नुसतं खोकलं तरी त्याला कुठं दुखतंय ते सांगणारा; आणि नेमका त्यालाच त्या बंदरातून हुकूम आलेला, की जहाजातला माल उचलणाऱ्या यारीवर तुमची नेमणूक झालीय, महिन्याच्या आत रुजू व्हा. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी या माउलीनं गल्लीत गूळ वाटला होता. दुसऱ्या दिवशी तिनं तो हुकूम ज्वारीच्या कणगीत खोल पुरला आणि कणगीला पाठ लावून बसली.

गोरोबा पहिल्या मोटारीनं माझ्या दारात. म्हणाला, ‘गुर्जी, तुमीच बोललात, आता तुमीच निस्तरा.’

गेलो. तासभर समजावलं. भीतीचं मूळ सांगितलं, सिमेंट सांगितलं, लोखंड सांगितलं, पोराचं आयुष्य गिरणीच्या पिठात जाईल तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला ताक दिलं आणि विचारलं, ‘तुमी घरात थोरलं का धाकलं, गुर्जी?’

म्हटलं, थोरला.

‘मग तुमी जाऊन आधी हुबं ऱ्हावा त्या धक्क्यावर. अनवाणी, नारळ हातात घिऊन, दिवस कलंस्तवर. तुमाला न्हाय घेतलं, तर म्या माझं लेकरू धाडते.’

अहो, माझं काम नोंदीचं! बरं, म्हटलं, मी उभा राहिलो की नाही हे तुम्हाला कळणार कसं? तर म्हणे, तुमी खोटं बोलत न्हाय, तेवढं म्हायती हाय. घरी येऊन आमच्या चारुशीलाबाईंना सांगितलं, वाटलं, या तरी अडवतील. त्या म्हणाल्या, वीस वर्षं सांगताय समजुती तपासून पाहाव्यात म्हणून, या तपासून... आणि दशम्या बांधायला बसल्या.

येडशीहून ती बार्शीची छोटी रेल्वे, कुर्डुवाडीला मोठी, मग मुंबई, मग अहमदाबाद, मग नुसतं मीठ. पोचलो, जोडे काढले, नारळ घेतला, उभा राहिलो. पहारेकरी काठेवाडी, त्यानं हटकलं. मी त्याला माझ्या हिंदीत सगळा सिद्धांत समजावला. त्याचा चेहरा पडला. त्याच्या गावच्या तळ्यानंही एक सून घेतली होती म्हणे. त्यानं स्वतःचे जोडे काढून ठेवले, मजुरांना माझ्यापासून लांबून चालायला सांगितलं, आणि ते येता-जाता मला नमस्कार करायला लागले. एक तर येऊन कुंकू लावून गेला. तिकडं खांब ठोकणारं यंत्र, दणका बसला की सगळा धक्का थरथरायचा, आणि आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू... वीस वर्षांच्या अभ्यासासकट मी दर दणक्याला पायाखाली बघत होतो.

परतलो तर कस्तुराबाईनं उंबऱ्यातच अडवलं. ‘आधी पाय दावा.’ भुताची पावलं उलटी असतात ना, म्हणून. माझी सुलटी निघाली. मग तिनं कणगीत खांद्यापर्यंत हात घालून हुकूम काढला, झटकला, गोरोबाच्या हातात दिला, आणि पोरगा मुदतीच्या दोन दिवस आधी रुजू झाला. मी म्हटलं, आता तरी पटलं ना, पाया कुणाला मागत नसतो?

‘मागतो की,’ ती म्हणाली. ‘पर दर्यानं परत केलेलं मानूस हाय तुमी. असं मानूस एकदा पायावर हुबं केलं की पायाची भूकच मरती.’

असा नमुना कुठल्याच संग्रहात नाही, म्हणून मी ते वाक्य तिथंच वहीत उतरवून घेतलं. माझं काम नोंदीचं. पण तुम्हाला सांगतो, मी वही मिटायच्या आत ते वाक्य मोटारीत बसून तालुकाभर निघालं होतं. तेव्हापासून कुठं विहीर खणायची असो, कुठं पूल घालायचा असो, आधी मला नेऊन उभं करतात. मी प्रत्येक ठिकाणी शास्त्रीय विवेचन करतो, ते माना डोलावतात आणि म्हणतात, गुर्जी, जरा डावीकडं सरका. तेरखेड्याला तीन तास उभा होतो. उद्या सोनारीला, शिवशरणअण्णांच्या अजून पाणी न लागलेल्या विहिरीवर. परांड्याला उतरलो की त्यांची बैलगाडी न्यायला येणार आहे. निरोप घेऊन आलेल्या माणसाला विचारलं, बाबा, परत कधी सोडाल? तर म्हणतो, ‘त्ये काय अण्णा बोलले न्हाईत, गुर्जी. पन येताना जुनं धोतर नेसून या म्हनले.’