विमानाआधीचा पाळणा

पनवेलच्या जत्रेत गव्हाणची वेणू आकाशपाळण्याच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक बेने इस्रायली बाई नवऱ्याचा दंड घट्ट धरून होती.

“आठ दिवसांनी कायमचं इस्रायलला जायला विमानात बसायचंय. आज जरा सवय करा.”

“मिल्का, विमानाला दार असतं.”

“मग ते सोपंच जाईल.”

“बोटीनं गेलो असतो.”

“रेवसच्या लाँचमध्ये तुमचं काय झालं होतं, सांगू सगळ्यांना?”

“नको. धड खाली उतरलो तर एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस.”

“तो विमानासाठी बोललायत तुम्ही. एका मलिद्यात दोन्ही नका भागवू.”

वेणूला राहवलं नाही.

“दादा, डोळं मिटून बसा. कळनार पन नाय.”

दोघं बसली. पाळणेवाल्यानं हातानं चाक फिरवलं आणि वेणूला बसवायला थांबवलं, तेव्हा ती दोघं नेमकी टोकावर लटकत होती.

“बाई, लवकर बसा हो,” वरून नवरा ओरडला.

“बसते दादा, लुगडं अडकलंय.”

वेणू वाकून ते सोडवू लागली.

“मिल्का, आपलं घर दिसतंय.”

“डोळे उघडलेत तुम्ही?”

“उघडले. परसातला चिकू दिसतोय. तू वाळत घातलेली चादरसुद्धा. अगं, आता तू का डोळे मिटलेस?”

वेणूनं लुगडं सोडवलं आणि पाळण्यात पाय ठेवला.

“बाई, सावकाश बसा. आम्हाला घाई नाही,” वरून तोच म्हणाला.