दुकानाची संमती

तुम्ही हसाल, पण कायद्यात पीएच.डी. करूनही मी कुणाला सल्ला द्यायला घाबरतो. सुरतच्या डिंडोलीतले आमचे शिंपी भिकाआप्पा मात्र ऐकेनात. गावी परतण्याआधी त्यांना भाड्याचं दुकान मेहुण्याला सोपवायचं होतं. त्याची पॉवरलूमवरची नोकरी सुटली होती आणि करारात अट होती की, मालकाच्या लेखी संमतीशिवाय दुकान दुसऱ्याला देता येणार नाही.

मी चार पानी अर्ज लिहिला आणि मेहुण्याला सोबत नेऊन, भिकाआप्पांकडूनच कपडे शिवून घेणाऱ्या मालक रमणभाईंपुढे ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही. टेबलाला टेकलेल्या, सहज चव्वेचाळीस इंची पोटावरून हात फिरवत त्यांनी मेहुण्याला विचारलं, "बोल भाई, माझी कंबर केटली? किती इंच?"

मेहुण्यानं टेपला हातही लावला नाही. "चौतीस, शेठ. दाजींच्या वहीत तेच लिहिलंय."

रमणभाईंनी लगेच सही केली. "काम येतं याला," ते मला म्हणाले.

चार पानांत मला हा मुद्दा सुचला नव्हता.