लांडगोजीच्या मागे अठ्ठावन्न मेंढरं

ठिकाण: पोलीस चौकी, निमोणे रस्ता, ता. शिरूर. दि. १८/११/१९९९, गुरुवार, दुपारी ३ वा. ४० मि.

नाव हौसराव, वय ४८ वर्षे, धंदा पेंटर (ट्रकच्या पाट्या, ढाब्यांचे फलक, निवडणुकीच्या भिंती), राहणार यवत, ता. दौंड. जबाब देतेवेळी अंगावर लांडग्याचा पोशाख.

मी चौकीत समक्ष उभा राहून सांगतो, बसत नाही कारण शेपूट आड येते, की मी वरील ठिकाणी राहत असून पाट्या रंगवून पोट भरतो. याखेरीज मी 'लांडगोजी' नावाची चित्रकथा काढतो. ती दौंडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर येते. लांडगोजी हा दिवसा सोसायटीचा चेअरमन असतो आणि पौर्णिमेला लांडगा होतो. दोन्हींतला फरक वाचकांच्या ध्यानात यायला बारा भाग लागले.

सणसवाडीचा खंडू हा कंपनीत फिटर असून सुट्टीला लग्नाचे शूटिंग करतो. त्याने लांडगोजीवर व्हिडिओ पिक्चर काढायचे ठरवले. लांडगोजीचे काम मलाच करायला सांगितले. कारण विचारता म्हणाला, "तुम्हाला मेकअपचा खर्च न्हाई."

पुण्याहून त्याने भाड्याने आणलेला पोशाख अस्वलाचा निघाला. त्यामुळे मी स्वतः जुन्या घोंगडीचा लांडगा शिवला. मुखवटा पुठ्ठ्याचा, दात पीव्हीसी पाइपचे. पाठीची चेन आज सकाळीच तुटली, म्हणून खंडूने मला आत घालून दाभणाने वरून शिवून टाकले. दुपारपर्यंत चार वेळा लघवीला जावेसे वाटले, त्याचा तपशील देत नाही.

शेवटचा सीन निमोण्याच्या शिवारात होता. सीनमध्ये पौर्णिमेची रात्र होती. प्रत्यक्षात दुपारचे दोन वाजले होते. खंडूने क्यामेऱ्याच्या काचेवर निळा जिलेटिन कागद चिकटवून रात्र केली. बाजरी काढलेल्या रानात मेंढरं चरत होती. त्यांचा मालक बिरदेव बाभळीखाली झोपला होता. त्याला उठवून विचारणे हे रीतसर झाले असते. खंडू म्हणाला, "तुम्ही नुसतं गुरगुरत धावून जावा. मेंढरं भिऊन पळतील, मी टिपतो. मालक जागा व्हायच्या आत पिक्चर संपला."

मी गुरगुरत धावून गेलो. मेंढरांनी माना वर केल्या. नंतर ती पळाली, परंतु माझ्याकडे. काटेरी पट्टा घातलेला त्यांचा कुत्रा सर्वांत पुढे होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो माझ्या पायाशी उताणा पडून पोट खाजवून मागत होता. मेंढरं अंगाला अंग घासू लागली. मी पाठ फिरवून पळालो, तर सगळी मागे. मी थांबलो की थांबत, चाललो की चालत. मागून खंडू ओरडत होता, "हौसराव, लांडगा पळतोय आन् मेंढरं धरायला निघाल्यात! भलतीच ष्टोरी झाली!" क्यामेरा त्याने बंद केला नाही.

एवढ्यात बिरदेव जागा झाला. आपला अख्खा कळप एका दोन पायांच्या लांडग्यामागे रस्त्याने चाललेला पाहून तो काठी घेऊन "चोर, चोर" करत निघाला. पोशाख काढणे शक्य नव्हते, कारण दाभण खंडूकडे होते. पुढे ही चौकी दिसली. पोलीस पाहून मला आनंद होण्याची ही पहिलीच वेळ. हवालदारसाहेबांनी प्रथम दार लावून घेतले, ते मी समजू शकतो.

बिरदेवची तक्रार एकच होती, इथे आल्यावर दोन झाल्या. मेंढरं पळवली ही पहिली. नंतर त्याने माझा खांदा धरून उजेडात नेला आणि तांबड्या दोऱ्याचे रफू दाखवले. "ही माझ्या बाची घोंगडी हाय. आमच्या घरातल्या ट्रंकेतली. हा ट्रंक फोडून आलाय, साहेब." त्याचे वडील भिमा दोन वर्षांपूर्वी वारले. मेंढरं तेच राखत.

हवालदारसाहेबांनी विचारले, घोंगडी कुठून मिळाली. मी सांगितले, एका बाईमाणसाने आपणहून दिली. नाव काय? नाव सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. साहेब म्हणाले, "ओ पेंटर, नाव सांगा नायतर घरफोडीत आत बसाल." मी म्हणालो, "शेपटीमुळं बसता येत नाही." हा विनोद कामाचा ठरला नाही. पुन्हा विचारले, पुन्हा नाही म्हणालो. घरी माझी पत्नी सुलक्षणा वाट पाहत असून तिला लांडग्याचेच अजून सांगितलेले नाही, घरफोडीचे कसे सांगणार, हा विचार मनात आला. तरी नाव सांगितले नाही.

सुमारे साडेचार वाजता अनसाबाई, बिरदेवची आई, मेंढरं चौकीवर गेल्याचे ऐकून चालत आली. दाराशी मेंढरांची दाटी होती, तिला पाहून वाट झाली. ती खुर्चीवर बसली नाही.

"म्याच दिली," ती म्हणाली. "ह्या बाबाला धरू नगा."

बिरदेव म्हणाला, "आये, तू? आन् मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून? रुपालीनं ट्रंक आवरायला काढली तवा काय म्हणालास? घोंगडीला वास येतोय, उकिरड्यावर टाक. तुज्या बायलीला बोल न्हाई लावत मी, तुला लावते. म्या ती गुपचूप परत ट्रंकेत ठिवली. पेंटर पाटी रंगवायला आलं व्हतं, त्यास्नी म्हणलं घेऊन जावा, कुणाच्या तरी अंगावर ऱ्हाऊ द्या. आन् लेकाला कळू देऊ नगा, त्याला वाईट वाटंल."

तिने दाराबाहेर बोट केले.

"तुला नुसता वास आला. मेंढरांना तुझा बा आला."

फिर्यादी बाहेर नळावर तोंड धुऊन आला. गुरुवारी त्या नळाला पाणी नसते, हे हवालदारसाहेबांनी मला मागाहून सांगितले.

त्यानंतर त्याने दोन्ही तक्रारी मागे घेतल्या. साहेबांच्या दाढीच्या ब्लेडने माझी पाठ उसवली. बिरदेवने मेंढरांना हाका घातल्या, शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. एकही हलले नाही. पोशाख आत, तोवर ती बाहेर. एकीने साहेबांच्या सायकलीची सीट खायला घेतली. शेवटी साहेब बिरदेवला म्हणाले, "आता घाल बाबा ते अंगात."

त्याने घातला. त्याला तो माझ्यापेक्षा बरा बसला, हे शिवणारा म्हणून मला कबूल करावे लागते. अनसाबाई म्हणाली, "शेपूट वर खोच, पायात येईल." मग तो पुढे, अठ्ठावन्न मेंढरं मागे, शेवटी कुत्रा आणि म्हातारी, असे निमोण्याकडे गेले. खंडूने ब्याटरी संपेपर्यंत शूटिंग केले. हाच शेवट ठेवायचा, असे त्याचे म्हणणे आहे. बारा भाग गाव खाणारा लांडगोजी मेंढरं घरी पोचवतो, हे मला लेखक म्हणून मान्य नाही. तथापि मी हरकत घेतलेली नाही. पोशाखही परत मागणार नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच उतरला आहे. एकच दुरुस्ती करावी. वर "अंगावर लांडग्याचा पोशाख" असे लिहिले आहे, ते आता बरोबर नाही. अंगावर बनियन आहे, आणि यवतची शेवटची एसटी साडेसहाला आहे.

सही/- हौसराव, पेंटर