पाटीला हात

बारामतीच्या एस.टी. स्टँडवर कौसल्या इंदापूरच्या गाडीची वाट बघत वांग्यांच्या पाटीशेजारी बसली होती. मागं दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"कालव्याच्या पुलावरनं येत नगं जाऊस. भरदुपारीबी."

"चोर हाईत व्हय तितं?"

"चोर परवडलं. तितं एक बाई पाटीला हात लावा म्हनती."

"मग लावायचा की! त्याला कुनी न्हाय म्हनतं व्हय?"

"तिची पाटी फुलावानी हलकी लागती. अन् तिचं वझं मागनं आपल्या पाटीत येतं."

सकाळी त्याच पुलावर कौसल्यानं एका बाईला पाटी उचलून दिली होती. एका हातानं उचलली गेली होती.

गाडी आली. कौसल्या वाकली, पण पाटी जागची हलेना.

"मावशी, जरा हात लावता का?"

दोघी मागं सरकल्या.

"पोरी, तू आलीस कंच्या वाटंनं?"