दोरीवरचा चहा

माझं लग्न का जमत नाही म्हणून विचारताय ना? चहापायी. हसू नका रे. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, घरात सुटी चहापत्ती बंद करून टी-बॅगा आणल्या. का, तर काटकसर! "पत्ती एकदा उकळली की फेकावी लागते. बॅग वाळवली की पुन्हा चालते." तेव्हापासून आमच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टी-बॅगा वाळतात.

गेल्या रविवारी दोंडाईचाहून मुलीकडचे घर बघायला आले. जळगावात स्वतःचं घर, मला नोकरी, सगळं पसंत पडत आलं होतं. आबांनीही मन मोठं करून पाहुण्यांसाठी कोऱ्या बॅगा काढल्या. तेवढ्यात मुलीच्या आजोबांचं लक्ष दोरीकडे गेलं.

"हे काय वाळत घातलंय, भाऊ?"

आबांनी मोठ्या अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. आजोबांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. "उद्या आमची पोरगीही अशीच पिळून वाळत घालाल," म्हणाले आणि उठलेच.

मी दारात उभा राहून त्यांची गाडी जाताना बघत होतो. मागून आबांचा आवाज आला, "अरे, चिमटे आण. या तर एकदाच बुडाल्यात."