नाना डावीकडे कलले होते

माय-बहिणींनो, भावांनो, सुमनवहिनी... लूमच्या सुट्टीच्या दिवशी उधन्याचं आपलं अख्खं लूमखातं नानांच्या शोकसभेला जमलंय. मला बोला म्हणाले. मी जॉबर माणूस, बिघडलेला लूम दुरुस्त करणारा. पण नानांचा गुन्हेगार मीच आहे, तेव्हा बोलायलाच हवं.

भास्करनाना गच्चीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. दानातली चाकाची खुर्ची मिळाली. तेव्हा आपण काय म्हणालो? "नाना, मजा आहे बुवा तुमची! आम्ही बारा तास उभे, तुम्ही बसून!" म्हणालो की नाही? आपण उभ्याउभ्या जन्म काढणारी माणसं. आपल्याला बसणं म्हणजे आरामच वाटतो.

खुर्चीची बैठक झोळीसारखी खचलेली. मी म्हटलं, थांबा, गादी करतो. खात्यातल्या चिंध्या आणि धाग्याचा टाकाऊ वेस्ट ठासून ठासून भरला. डाव्या बाजूला गाठी राहिल्या. हाताला लागल्या होत्या मला. म्हटलं, चालतंय.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, बैठक सपाट हवी, पाय नीट टेकलेले हवेत, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी यांना जरा उचलून धरा. यांना दुखलं तरी कळणार नाही. आपण हसलो. बसलेल्या माणसाला कशाला उठवायचं?

मग नाना डावीकडे कलायला लागले. मी विचारलं, "नाना, दुखतं का हो?"

"माले काहीच दुखत नही रे, मुरली."

मला बरं वाटलं. ऐकताय ना? बरं वाटलं मला! आधी डावीकडे, बसायच्या जागी, रुपयाएवढा लाल डाग. मग जखम, मग तिचा वास. मग ताप आला, तो उतरलाच नाही. वहिनी, मला माफ करू नका.

आता नीट ऐका. नाना गेले आणि तिसऱ्याच दिवशी आपण ती खुर्ची, गादीसकट, सुकलालला दिली. चांगल्या मनानं दिली. त्यालाही कमरेखाली काही कळत नाही. तो बघा, दाराशी बसलाय. मी बोलायला उभा राहिल्यापासून त्याच्याकडेच बघतोय. सुकलाल, हसू नकोस बाबा. सकाळपासून तुला कुणी उचललेलं नाही. तू डावीकडे कलला आहेस.

नानांसाठी आपण सगळे गप्प उभे राहणार आहोत. पण आधी चौघं जण पुढे व्हा, सुकलालला उचला. मी ती गादी काढतो. त्याला हातांवर धरून उभे राहा, आणि तेवढा वेळ कुणी काही बोलू नका.