नळामागची नदी

ऑगस्ट २०१८. त्सुफेनहाउझेनच्या फलाटावर एस-बान लोकलची वाट पाहणाऱ्या कौमुदीला शेजारी मराठी ऐकू आलं. तिच्याच बाकावर एक सून होती आणि तिच्या सासूबाई.

"पावसाचा थेंब नाही, तरी तुमचा नळ चोवीस तास! ऋचा, मी अंघोळीला आपल्या सात नद्यांबरोबर तुमच्या नेकारचंही नाव घेते हो."

"आई, नेकार नुसती शहरातून जाते. आपल्या नळाला बोडनझे तळ्याचं पाणी येतं. आल्प्समधलं बर्फ वितळतं, ते ऱ्हाईन नदी त्या तळ्यात आणते."

"अगं बाई! म्हणजे इथे आल्यापासून तीन आठवडे पाणी पाजलं एकीनं आणि मी आभार मानले दुसरीचे?"

"गेनाऊ, अगदी तसंच! आणि यंदाच्या उन्हात ऱ्हाईनच्या उगमाची हिमनदी जास्तच वितळतेय. पाण्यात तिचीही भर आहे."

"स्वतः झिजून आपल्याला पाजतेय म्हण की."

"हो. दरवर्षी लहान होतेय ती."

"नाव काय तिचं?"

"थांबा, फोनवर बघते. पाराडीस. म्हणजे स्वर्ग."

"आहे ना अजून?"

"आहे, थोडी."

"मग उद्याच्या अंघोळीची वाट कशाला बघू?"

सासूबाईंनी घरच्या नळावर भरलेली बाटली उघडून ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळे मिटले.

एस-बान आली. तिघींपैकी कोणीच उठलं नाही.